पळून जाणारा अंधार

प्रिय नाना सर,

तुम्हाला जाऊन दीड वर्ष झालं, आणि आज पहिल्यांदाच लिहितोय, तेही भीती वाटतेय म्हणून. लष्कर भागातल्या एका सोनोग्राफी सेंटरच्या बाकावर बसलोय. आत तुमच्या घरच्या, आमच्या काकू आहेत.

मी काचा घासणारा, दहावी नापास कारागीर. तुम्ही चष्म्याची काडी बदलायला आलात आणि माझ्या एवढ्याशा दुकानात इंग्रजी शब्द चिरून दाखवू लागलात. कॉर्निया लॅटिनमधला, शिंगासारखा. आयरिस ग्रीक, इंद्रधनुष्य. प्युपिल म्हणजे चिमुकली बाहुली. "अरे, रोमच्या लोकांनाही डोळ्यात बाहुलीच दिसली!" म्हणत तुम्हीच खूष. त्या शब्दांवर माझं नाव झालं, सर. गिऱ्हाईक डॉक्टरांचा कागद घेऊन घाबरत येतं, मी मोठ्या शब्दाचे दोन तुकडे करतो, भीती निम्मी होते.

पण शब्द कळला म्हणजे आजार कळत नाही, एवढं का नाही शिकवलंत?

गेल्या आठवड्यात काकू दुकानात आल्या. उजव्या डोळ्यापुढे काळा पडदा आला होता, पाच मिनिटांत गेला. डॉक्टरांनी लिहिलं होतं, अमॉरोसिस फ्युगॅक्स. खाली, मानेच्या रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी, तातडीने.

"मधू, डोळा तर ठीक झाला. मानेचं काय काढलंय यांनी?"

मी ऐटीत सांगितलं, "काकू, पहिला शब्द ग्रीक, अंधार. दुसरा लॅटिन, पळपुटा. आला नि पळाला. निवांत राहा."

"हे असते तर हेच म्हणाले असते," काकू म्हणाल्या, आणि कागद पर्समध्ये गेला.

आज सकाळी डोळ्यांचे एक डॉक्टर फ्रेम घ्यायला आले. त्यांना हा किस्सा मी रंगवून सांगितला. त्यांनी फ्रेम खाली ठेवली. "भाईसाहब, अंधेरा भागा है, बीमारी नहीं. लकवे की चेतावनी हो सकती है. अभी ले जाइए."

आठ दिवस, सर.

ऑटोत काकूंना एवढंच म्हणालो, "चला, एकदा करून टाकू." वाटेत त्या बोलत होत्या आणि मी फक्त उच्चार ऐकत होतो. जीभ अडखळतेय का? एखादं अक्षर गळतंय का? आताही दाराकडे कान आहे. काकू आतून म्हणतायत,

"बेटा, ये जेल है कि बर्फ? पहले बताना था ना."

आवाज ठणठणीत आहे. मग तपासणाऱ्या बाई मघापासून गप्प का?

तुम्ही रागावला असता का माझ्यावर? की मला शिकवल्याचा पश्चात्ताप झाला असता? रागावलात तर चालेल. दुसरं नको.

एक वचन देतो. काकू बाहेर आल्या की रिपोर्ट हाती पडायच्या आत त्यांना सांगेन, हे आठ दिवस माझ्यामुळे गेले. आधीच सांगेन, कारण रिपोर्ट चांगला निघाला तर मी गप्प बसेन, एवढं मी स्वतःला ओळखतो.

दाराची कडी वाजली. उठतो.

तुमचा,
मधू