निळ्या, व्याही आणि खिडकीजवळची खाट

४ ऑक्टो.
निळ्याने आज परत धाकट्याला दगडामागे कोंडलं. शेपटीची कड कुरतडलीय. टाकी केवढी, तर माझ्या फौजेतल्या ट्रंकेएवढी, आणि हा अंगठ्याएवढा निळा मासा, पिवळ्या शेपटीचा, सगळी टाकी बापाची समजतो. राजूने आणला तेव्हा एकटाच होता. दुकानदारानेच सांगितलेलं, खाऱ्या पाण्याची नवी टाकी आहे, आधी दणकट मासा सोडा. मग सूनबाईने हौसेने ती केशरी-पांढऱ्या पट्ट्यांची जोडी आणली, एक मोठी, एक धाकटा. तेव्हापासून रोज लढाई. चार्ज माझ्याकडे. राजूला एअरपोर्टच्या ड्यूटीतून फुरसत नाही, मी रिटायर्ड, म्हणजे रिकामा.
मेघा म्हणाली, "बाबा, काहीतरी करा ना, मरेल तो."
म्हटलं, शिकेल. रिक्रूट असाच शिकतो.
मला निळ्या आवडतो. जागा सोडत नाही.

९ ऑक्टो.
जेवताना मेघाने जाहीर केलं. तिचे अप्पा वर्ध्याहून येणार. कायमचे. आई गेल्यापासून एकटे, परवा गॅस चालू ठेवून फिरायला गेले, शेजाऱ्यांनी दार तोडलं वगैरे. विचारलं, झोपणार कुठे? तर म्हणे "तुमच्या खोलीत दुसरी खाट बसेल, मी मोजलंय." मोजून मोकळी. राजू ताटात बघत होता. लेक माझा, आणि भाजीत काय शोधत होता देव जाणे.
दिल्लीतल्या द्वारकेच्या या फ्लॅटमध्ये माझ्या वाट्याला आलेली ही एवढीच खोली. खिडकीजवळ खाट, खाली ट्रंक, भिंतीवर मंडळींचा फोटो. ती गेल्यावर गावचं घर पुतण्याला देऊन इथे आलो ते या खोलीच्या भरवशावर. ही जागा मी सोडणार नाही. लिहून ठेवतो.

१४ ऑक्टो.
व्याही आले. रिटायर्ड मास्तर, गणित शिकवायचे. वाळलेले, हात थोडा थरथरतो. दोन बॅगा आणि एक पितळी डबा. "सुभेदारसाहेब, तुम्हाला त्रास देतोय," म्हणाले. मी म्हटलं, "हो." मेघाने वळून बघितलं. काय खोटं बोललो?
त्यांची खाट दाराजवळ, बाथरूमच्या भिंतीला. कपाटातला खालचा कप्पा दिला. गुडघे दुखतात म्हणे. वाकायची सवय होईल.

१६ ऑक्टो.
मास्तर दिवसभर टाकीसमोर. शाळेत वर्गावर लक्ष ठेवायचे तसे. म्हणाले, "दोन्ही कोपऱ्यांत एकदम खाणं टाकलं तर? निळा एकीकडे गुंतेल, तेवढ्यात ही दोघं खातील." करून बघितलं. च्यायला, चाललं. दोघांनीही खाल्लं.
उद्यापासून परत एकाच कोपऱ्यात टाकणार. माझ्या टाकीत मास्तरकी नको.

१८ ऑक्टो.
दुकानदाराची दुसरी युक्ती: काचेला बाहेरून आरसा लावा, निळ्या स्वतःशीच भांडत बसेल, बाकीच्यांना उसंत मिळेल. थोडाच वेळ, म्हणाला. दाढीचा आरसा टेकवला. बिल्कुल वेडा झाला. काचेवर धडका, पंख ताठ, रंग काळपट. मी खुर्ची ओढून बसलो. चहा दोनदा झाला. आरसा काढायचा राहिला, म्हणजे काढला नाही.
दुपारी डोळा लागला तेवढ्यात मास्तरांनी आरसा उचलला. "थकला होता हो," म्हणे. म्हटलं, "गुरुजी, दुसऱ्याच्या चार्जमध्ये हात घालायचा नाही. फौजेत याला शिक्षा असते." त्यांनी आरसा पुसून माझ्या हातात दिला. असा राग आला की काय सांगू.

२३ ऑक्टो.
दिवाळी झाली, हवा विषारी, खिडक्या बंद. दोन म्हातारे एका खोलीत. मास्तर घोरत नाहीत, तेही एक. घोरले असते तर बोलता आलं असतं.
पहाटे उठून मी मोठा दिवा लावतो, पीटी करतो, रेडिओ लावतो. त्यांना उशिरा उठायची सवय. आधी डोक्यावरून चादर घ्यायचे. आता मी उठायच्या आधीच उठून हॉलमध्ये जाऊन बसतात. बाथरूम मी आधी, निवांत. दाराबाहेर त्यांच्या चपलांची चुळबुळ ऐकू येते. मी अजून थोडं निवांत घेतो.
धाकट्याची शेपटी भरून येतेय. जोडीने मागच्या पंपाखालचा कोपरा धरलाय. मोठी त्याच्यापुढे उभी राहते.

२८ ऑक्टो.
आज बोललो.
मेघाने मास्तरांसाठी वेगळी, बिनतिखटाची भाजी केली. माझ्यासाठी कधी केली नाही. मास्तरांनी पाण्याचा पेला उचलला आणि मी म्हटलं, "आमच्याकडे जुनी पद्धत होती. मुलीला मूल होईपर्यंत बाप तिच्या घरचं पाणीसुद्धा पीत नसे."
मेघाचं मागच्या वर्षी तिसऱ्या महिन्यातच… घरात कोणी तो विषय काढत नाही.
मास्तरांनी पेला खाली ठेवला. सावकाश, आवाज न करता. राजू म्हणाला, "बाबा, प्लीज." मेघा उठून किचनमध्ये गेली, नळ सोडला. खूप वेळ नळ चालू होता.
झोंबलं असणार. झोंबावं म्हणूनच बोललो.

३१ ऑक्टो.
मास्तर घरचं पाणी पीत नाहीत. खालच्या दुकानातून बाटली आणतात, पिशवीत लपवून; लिफ्टमध्ये मेघाच्या ओळखीच्या बायका असल्या की गुडघे धरून जिना चढतात. चहा-जेवण घेतात, कारण नाही म्हटलं तर मेघाला कळेल. पाण्याचा पेला ओठाला लावून तसाच ठेवतात. खोलीत आल्यावर बाटलीतलं पितात, माझ्याकडे पाठ करून.
हसू आलं. गणिताचा मास्तर, आणि खरंच मानलं. मी नुसतं म्हटलं होतं. आमच्या आजोबांच्या काळची गोष्ट, आमचे वडीलसुद्धा पाळत नव्हते.
अडवावं असं मनात आलं. अडवलं नाही.

४ नोव्हें.
केर काढताना मेघाला मास्तरांच्या खाटेखाली रिकाम्या बाटल्या सापडल्या. "अप्पा, हे काय?" "अगं, इथलं पाणी पोटाला जड जातं." "फिल्टरचं आहे ते." मास्तरांना खोटं बोलता येत नाही. कान लाल झाले. ती तिथेच फरशीवर बसली, बाटल्या मांडीवर घेऊन.
मग माझ्याकडे बघितलं. फौजेत असं बघणारा माणूस मी एकदाच पाहिला होता, त्याच्या हातात रायफल होती.

८ नोव्हें.
मोठीच्या अंगावर ओरखडा, निळ्याचंच काम. मेघा म्हणाली चला, दुकानदाराला भेटू. एरवी माझ्याबरोबर कुठे येत नाही.
दुकानदार म्हणाला, "अंकल, जो पहले आया, घर उसका. समझाने से नहीं समझेगा. इसको निकालो, कुछ दिन अलग रखो, पत्थर सारे इधर-उधर करो. फिर सबसे आख़िर में डालो. तब वो नया, बाकी पुराने."
मेघाने परत विचारलं, "पत्थर बदलना ज़रूरी है?"
"वही तो असली काम है, मैडम. वापस आए तो अपनी जगह मिलनी नहीं चाहिए."


१० नोव्हें.
सूनबाई आज गोड. "बाबा, पानिपतच्या कदमकाकांचा फोन होता, किती वर्षं बोलावतायत. जाऊन या ना थोडे दिवस." कदम माझ्याच पलटणीतला, मुलाचं तिथे ब्लँकेटचं दुकान. म्हटलं, अगं, मराठ्याला पानिपतला धाडतेस? हसली. कडधान्याचे लाडू करून दिले. कडधान्याचे. कोण खातं?
बरं वाटलं पण. कोणीतरी विचारलं, जाता का म्हणून.

१५ नोव्हें. पानिपत
कदमला अर्धांगाचा झटका येऊन गेलाय, हे कोणी सांगितलं नव्हतं. अर्धं बोलतो, हा फोन कसला करतो; सून चमच्याने भरवते, तोंड पुसते, तो रडतो. मी दिवसभर यंत्रमागांचा खडखडाट ऐकतो.
राजूचा मेसेज: टाकी नव्याने लावली, निळ्याला बादलीत पंप लावून वेगळं ठेवलंय. फोटो पाठवला. दगड सगळे हलवलेत. निळ्याची गुहा होती तिथे नुसती वाळू. जोडी मधोमध, ऐटीत.
विचारलं, माझं ब्लड प्रेशरचं औषध ट्रंकेत राहिलंय, खिडकीखाली बघ. वाचल्याच्या दोन निळ्या खुणा आल्या, तेवढंच.

२० नोव्हें. द्वारका
परत आलो. खोलीत गेलो तर खिडकीजवळ मास्तरांची खाट. मंडळींचा फोटो हॉलमध्ये, टीव्हीच्या वर. ट्रंक बाल्कनीत. दाराजवळ माझी खाट असेल म्हणून बघितलं, तर तिथे टेबल आणि मेघाचा लॅपटॉप. घरूनच काम करणार आता, अप्पांकडे लक्ष हवं म्हणून. माझी गादी हॉलमधल्या दिवाणावर. टाकीशेजारी.
"थोडे दिवस, बाबा," मेघा म्हणाली. स्टीलच्या ताटात वाढलं. आवाज एकदम साधा.
निळ्याला आजच सोडलं होतं टाकीत. आता मोठी त्याला कुठेच थांबू देत नाही. वरच्या कोपऱ्यात, हीटरच्या नळीमागे, आडवा झालाय. शेपटीचं पिवळं अर्धं गेलं. धाकटासुद्धा येऊन टोचा मारून जातो, कालपर्यंत थरथर कापणारा धाकटा. मी जाळी मागितली. मेघा म्हणाली, "होतं असं सुरुवातीला."
मग मास्तर बाहेर आले. दाराला धरून उभे. "सुभेदारसाहेब, हे मला विचारून केलेलं नाही. खिडकीजवळची खाट तुमचीच. आत या. मी झोपतो दिवाणावर."
एवढंच म्हणायचं होतं की बरं. तोंडात आलंच होतं.
म्हटलं, "राहू द्या, गुरुजी. मूल नाही तर बाप तरी. सांभाळायची हौस फिटू दे तिची."
किचनमध्ये भांड्यांचा आवाज थांबला. मास्तर माझ्याकडे बघत राहिले, वर्गात एखादा पोरगा हातचा गेला की बघतात तसं. आत गेले. दार लावलं आणि आतून कडी घातली. या खोलीची कडी मी आजवर कधी वाजलेली ऐकली नव्हती, गंजलीय, दोनदा ढकलावी लागली त्यांना.
राजू चपला घालून बाहेर निघाला. दारात थांबून, माझ्याकडे न बघता म्हणाला, "बाबा, रविवारी बसून बोलू या. तुमच्या राहण्याबद्दल."
आज गुरुवार.