वरच्या मजल्याचं नेट

प्रिय धाकटे,

तुम्ही वरच्या मजल्यावर राहत होता तेव्हाची एक सकाळ आठवते. पाणी भरून झालं होतं, कपडे भिजत घातले होते आणि मी फडकं घेऊन पुढची खोली पुसत होते. टेबल पुसताना लॅपटॉप मध्ये आला, म्हणून मी त्याचं झाकण लावलं आणि वरची धूळ झटकली. एवढंच. तर हे अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून मोरीतून धावत आले. "अगं, झाकण काय लावलंस? उघड आधी!" वर तुमच्याकडे खुर्ची सरकली आणि पाठोपाठ भाऊजींचं "गेलं!" ऐकू आलं. यांनी ओल्या हातानेच झाकण उघडलं, कुठलंसं बटण दाबलं आणि छताकडे बघत उभे राहिले. वरची खुर्ची पुन्हा जागेवर सरकली, तेव्हा कुठे आरशापुढे गेले. मी म्हटलं, असं काय आभाळ कोसळलं? तर म्हणाले, "काम चालू होतं." साबण वाळून गाल खाजायला लागला, त्याचाही राग माझ्यावरच काढला. मी पोट धरून हसले होते. काम कुणाचं चालू होतं, हे विचारायचं मला सुचलं नाही.

काल फोनवर तू जे सांगितलंस, ते डोक्यातून जात नाही. भाऊजी नव्या घरी नेट घेऊ देत नाहीत, जेवता जेवता उठून जातात, आणि काल तर तुला म्हणाले, "मी चोर आहे. दादा पासवर्ड बदलायला विसरला आणि मी चार वर्षं त्याच्या तारेवर फुकट जगलो. त्याला कळलं असतं तर त्याने त्याच क्षणी तोडलं असतं." तू विचारलंस, ताई, यांना काय सांगू? त्याचं उत्तर लिहूनच देते. तुला माहीत आहे, मला बोलण्यापेक्षा वाचणं बरं जमतं. लिहिणं त्याच्या खालोखाल.

ते नेट घरात आणलं कुणी, हे आधी आठव. भाऊजींनीच. तेव्हा स्टुडिओ दोघांचा होता. भाऊजी फोटो काढायचे आणि हे लॅपटॉपवर बसून ते साफ करायचे, कुणाचं टक्कल झाक, कुणाचे मिटलेले डोळे उघड. कंपनीची एकच तार घरात आली, ती लॅपटॉपला जोडली. मग भाऊजींनी त्यात अशी सोय केली की लॅपटॉप स्वतःच ते नेट हवेतून घरभर वाटेल, खाली आमच्या फोनला आणि वर तुमच्या. लॅपटॉप चालू आणि उघडा असला पाहिजे आणि रोज सकाळी ते बटण दाबलं पाहिजे, एवढीच अट. पासवर्डही भाऊजींनीच ठरवला आणि हसत हसत कागदाच्या एका पट्टीवर लिहून टेबलाच्या फळीखाली चिकटवला. मी इंग्रजी अक्षरं औषधांच्या बाटल्यांवरून शिकलेली, मला ते सलग वाचता येईना. मी नादच सोडला.

मग एका लग्नाच्या फोटोंचं, कॅमेऱ्यातलं कार्ड रिकामं निघालं. कुणी पुसलं, कसं पुसलं, देव जाणे. भाऊजी म्हणत, दादाने फोटो लॅपटॉपवर उतरवून घ्यायच्या आधीच पुसलं. हे म्हणत, धाकट्याने कार्डांची अदलाबदल केली. तेही चाललं असतं. भावाभावांत काय कमी भांडणं झाली होती? पण नवरीच्या वडिलांसमोर, भर दुकानात हे बोलून गेले, "याच्या हातात कॅमेरा दिला हीच माझी चूक. झाडू द्यायला हवा होता." भाऊजींनी गळ्यातला पट्टा काढून कॅमेरा काउंटरवर ठेवला आणि निघून गेले. संध्याकाळी जिन्यात उभं राहून हे ओरडले, "आजपासून वरचं ते वरचं आणि खालचं ते खालचं! नेटचा पासवर्डसुद्धा बदलतोय मी!" वरून उत्तर आलं, "बदल, बदल! आधी बटण कुठंय ते तरी सापडू दे!" दुसऱ्या दिवशी तुमचं नेट चालूच होतं आणि तुम्ही वर हसलात. दादाला जमलंच नाही, असं म्हणून. मीही तेच समजले होते.

आपण दोघी भांडलो नव्हतो, धाकटे. मला सगळ्यात जास्त तेच लागतं. वाळत घातलेले कपडे काढताना तू वरून बघायचीस, मी खालून बघायचे, "ऊन चांगलं आहे" एवढं बोलून दोघी आत जायचो. नवऱ्यांनी बोलणं टाकलं म्हणून आपणही टाकलं, जसं काही तेही त्यांना विचारूनच करायचं होतं. हे दवाखान्यात होते तेव्हा भाऊजी धावपळ करत होते, औषधं आणत होते, खाटेशी तासन्‌तास उभे राहत होते. पण यांना तोवर शुद्ध राहिली नव्हती, आणि ती परत आलीच नाही. भाऊजींनी एकदा हाक मारली, "दादा." परत मारली नाही. मी बाहेरच्या बाकावर बसून ऐकलं.

आता जे तुम्हाला माहीत नाही ते लिहिते. तुम्ही वर राहत होता त्यातली शेवटची दोन वर्षं तो जुना लॅपटॉप नव्हताच. त्याचा पडदा एक दिवस काळा पडला तो पडलाच. यांनी दुसरा घेतला, वापरलेलाच, तसाच काळा, म्हणून जिन्यातून जाता-येता तुमच्या लक्षात आलं नसेल. दुकानदाराने त्यात नेट वाटायची सोय करून दिली होती, नेटचं नवं नाव, नवा पासवर्ड, सगळं तयार. घरी आणल्यावर हे दुपारभर त्याच्यापुढे बसले. जेवायला बोलावलं तर "आलो" म्हणायचे आणि उठायचे नाहीत. मग मलाच हाक मारली. त्यांची नजर कमी झाली होती, फळीखालची पट्टी दिसत नव्हती. मला म्हणाले, "वाक आणि एकेक अक्षर सांग." मी वाकून सांगायला लागले, डी, ए, डी, ए. ते एका बोटाने टाइप करत होते. मध्ये एकदा चुकले, सगळं पुसून पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्या खेपेला माझ्या ध्यानात आलं की ही अक्षरं इंग्रजी असली तरी बोलतायत मराठी. जोडून वाचलं तर निघालं, दादा चिडू नको. मी खळखळून हसले. हे हसले नाहीत. "पुढे वाच," म्हणाले, आणि चष्मा काढून पुसत बसले.

बटण दाबल्यावर माझा फोन आपोआप जोडला गेला. थोड्याच वेळात वर तुमच्याकडे गाणं सुरू झालं. हे म्हणाले, "वाढ आता, भूक लागलीय." मला वाटलं, एवढा खटाटोप माझ्या फोनसाठी केला. मनातून सुखावलेसुद्धा.

तुझा फोन ठेवल्यावर काल ती दुपार आठवली. मी मुलीला फोन लावला आणि सगळं विचारलं. ती म्हणाली, "आई, तुझ्या एका फोनसाठी कोण एवढं करतं? नवा पासवर्ड तुझ्या फोनमध्ये घालणं दोन मिनिटांचं काम होतं. जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड, एकही अक्षर इकडचं तिकडे न करता, हे माणूस कधी करतो? ज्या फोनच्या मालकाला जाऊन सांगता येत नाही, त्याच्या फोनचं नेट तुटू नये म्हणून करतो."

तेव्हा भाऊजींना सांग, दादा विसरला नव्हता. पहिल्या लॅपटॉपवर विसरला असं म्हणता येईल, दुसऱ्यावर विसरता येतच नाही. ते नेट त्याने वरच्या मजल्याला दिलेलं होतं, रोज सकाळी चहाच्या आधी. तोंडाने एवढं एक वाक्य त्याच्याकडून निघालं नाही, आणि जिना उतरून विचारणं भाऊजींकडून झालं नाही, आणि मधे उभ्या असलेल्या आपल्याला काही दिसलं नाही. त्याचं दुःख करायला आपण तिघं उरलो आहोत. पण भाऊजींनी त्याला चोरी म्हणू नये. यांनी दिलेल्या वस्तूला कुणी चोरीची म्हटलेलं मी ऐकून घेणार नाही, मग ते भाऊजी का असेनात. माझ्या सांगण्यावर त्यांचा विश्वास बसणार नाही, वहिनी समजूत काढतेय असं म्हणतील. म्हणून त्यांना म्हणावं, घरी नेट घ्या, तार या लॅपटॉपला जोडा, ते बटण दाबा आणि स्वतःचा फोन नुसता शेजारी ठेवा. फोन पासवर्डसुद्धा विचारणार नाही. पत्र तुझ्या नावाने वेगळं टाकते आहे, ते त्यांना वाचून दाखव. तू फोन केलास त्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे आज सकाळी, मी लॅपटॉपची तार काढली, तो यांच्या स्वेटरात गुंडाळला आणि खोक्यात घालून भाऊजींच्या नावाने पार्सल केला.

तुझीच,
थोरली