आक्काच्या कपाटाचं दार

पवनानगर
४ ऑक्टोबर २०२५

ती. स्व. मामांना,
सारिकाचा सा. न. वि. वि.

घरगाडीची पूजा दसऱ्याला व्यवस्थित पार पडली. तुम्ही दोघं नव्हतात, एवढीच रुखरुख. मामींच्या डोळ्याचं ऑपरेशन नेमकं त्याच आठवड्यात निघालं, त्याला कोण काय करणार. डोळा आता कसा आहे ते कळवा. फोनवर तुम्हाला नुसती खरखर ऐकू येते आणि मोबाइलवर लिहून पाठवलेलं तुम्ही पत्र मानत नाही, म्हणून हा कागद. खरं तर तुम्हाला पत्र लिहिणं हे आईचं काम. पण अर्धांगाचा झटका आल्यापासून ती पेन धरत नाही. दोन ओळी तू लिही म्हटलं, तर म्हणते की कोंबडीचे पाय उमटल्यासारखं अक्षर येतं, भिमाच्या डोळ्यांना कशाला तरास.

गाडी आता ओळखू येत नाही. कंपनीच्या कामगारांची ने-आण करणारी ती जुनी मिनीबस, तिच्यात आता झोपायला दोन बाक, शेगडी, ओटा आणि ओट्यावर तुम्ही केलेलं कपाट आहे. धरणावर येणारे पाहुणे गाडीसकट एक-दोन दिवस हिंडतील आणि जेवण आईच्या हातचं. दिवाळीनंतर पहिले पाहुणे येताहेत, लोणावळ्याच्या तेजलताई आणि त्यांच्या मैत्रिणी. कान्हे स्टेशनाबाहेरच्या आईच्या खानावळीत त्या कधी काळी जेवल्या होत्या, म्हणून पिठलं-भाकरीच हवी असा त्यांचा हट्ट आहे. ते ऐकल्यापासून आई रोज सकाळी पिठाचा गोळा घेऊन उजव्या हातानं मळत बसते. खानावळ बंद झाल्यापासून तिला इतकं खुशीत मी पाहिलं नव्हतं.

पूजेला तिनं नारळ फोडला, चाकांखाली लिंबं ठेवली आणि अक्षता तर अशा उधळल्या की लग्नात कुणी उधळत नाही. शेगडीवर, बाकांवर, कपाटाच्या उघड्या डोक्यावर, कुठं म्हणून हात आखडता घेतला नाही. झाडताना अजून सापडताहेत. नंतर तुमच्या जावयानं, ओंकारनं, कपाटाची वरची फळी स्क्रूनं पक्की केली.

तुमचं पट्ट्यांचं दार मात्र किंचित जड जातंय. वर सरकवलं की अर्ध्यावर अडतं. ओंकार एक हिसका देतो आणि उघडतो, त्यामुळे काळजीचं काही नाही. सहज कळवलं.

मामींना नमस्कार. आमच्यावर डोळा ठेवा, निदान तुमचा तरी.

आपली भाची,
सारिका

—

तळेगाव दाभाडे
७ ऑक्टोबर २०२५

चि. सारिकास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. मामीचा डोळा ठीक आहे. पट्टी निघाली, आता तिला घरातली सगळी धूळ दिसते आणि ती कुणामुळे साचली हेही दिसतं.

सहज कळवलं म्हणतेस, पण मला ते सहज वाचवलं नाही. दार हिसक्यानं उघडतं, हे काय ऐकतोय मी? अगं, नेहमीची कपाटाची दारं बाहेर उघडतात, त्या चिंचोळ्या गाडीत ती आक्काच्या कपाळावर आपटली असती. म्हणून तर सागाच्या बारीक पट्ट्या कापून मांजरपाटाच्या कापडावर एकेक चिकटवली, दोन्ही बाजूंना खाचा पाडल्या, दार वर जावं आणि वळून मागे लपावं म्हणून. माझ्या डाव्या करंगळीनं ते वर जात होतं. करंगळीनं! आक्काच्या हाताला जड जायला नको, एवढ्याच एका गोष्टीसाठी माझे सगळे खटाटोप होते.

पावसाळी हवेनं लाकूड फुगलं असणार. धरणाच्या काठाला तुम्ही राहता, तिथं माणूससुद्धा फुगतं. खाचेला मेणबत्ती घास. तेल अजिबात नको. आणि जावईबापूंना सांग, हिसके देऊ नका, ते दार आहे, बैल नाही.

आक्काला म्हणावं, कोंबडीच्या पायांचं मला वावडं नाही. तिच्या हातचं पत्र आलेलं नाही, त्याला आता दुसरी दिवाळी येईल. मला करमत नाही.

तुम्हा सर्वांची आठवण काढणारा,
भिमाजीमामा

—

पवनानगर
१० ऑक्टोबर २०२५

ती. स्व. मामांना सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचायच्या आधीच ओंकारनं स्वतःचं डोकं चालवलं होतं. वरच्या फटीतून खाचेत किटलीभर कढत पाणी ओतलं, म्हणे कचरा वाहून जाईल. त्यानंतर दार आणखी जड झालं. मग मेणबत्ती घासली. थोडा फरक पडला, पण हिसका लागतोच. दार काढून पडदा लावूया असं तो म्हणत होता, मी डोळे वटारले.

मामा, दाराचं जाऊ द्या. आईचं काहीतरी बिनसलंय. परवा जेवता जेवता तिनं जाहीर केलं की दिवाळी झाली की ती कान्ह्याला परत जाणार, आपल्या बंद घरात, एकटी. स्वयंपाकाला वाडीवरच्या बायाला ठेवा, तिच्या हाताला चव हाय, असं म्हणाली. मला वाटलं चेष्टा करतेय. पण काल तिनं तिची काथवट बायाला देऊन टाकली. ज्या काथवटीत खानावळीचं पीठ मळलं, ती. सकाळचा पिठाचा गोळाही बंद.

मी खूप चिडले, नको ते बोलले. तुझ्यासाठीच गाडी केली, मी नोकरी सोडली, आणि आता तू अंग काढून घेतेस, असं म्हणाले. ती नुसती पदरात हात गुंडाळून बसली. आमचं काय चुकलं ते कळत नाही, आणि मला फार वाईट वाटतंय. तुमचं ती ऐकते. तिला लिहा.

मामींनी उन्हात चष्मा लावावा. माया असू द्या.

आपली,
सारिका

—

तळेगाव दाभाडे
१२ ऑक्टोबर २०२५

चि. सारिकास आशीर्वाद.

काथवटीचं वाचलं आणि जेवण गेलं नाही. ती काथवट आमच्या आईची. माझ्या लग्नात मी दोन दिवसांसाठी मागितली होती, तर आक्कानं मला पातेलं दिलं होतं. ती काथवट जी बाई देऊन टाकते, तिनं मनातून चूल विझवली असं समज.

मी तिला काही लिहिणार नाही. आक्काला विचारलं की ती दुप्पट मिटते, लहानपणापासूनची खोड आहे. तूही विचारू नकोस, भांडू तर मुळीच नकोस. फक्त बघ. ती एकटी गाडीत कधी जाते, तिथं काय करते, तेवढं बघ. पदरात हात गुंडाळला म्हणतेस. कुठला हात?

यंदा भाऊबीजेला मला येता येणार नाही. डॉक्टरांनी मामीला इतक्यात प्रवास नको म्हणून सांगितलंय आणि तिला एकटं ठेववत नाही. आक्काला हे हळूच सांग. मला तरी कुठं बरं वाटतंय.

तुझा,
मामा

—

पवनानगर
१४ ऑक्टोबर २०२५

ती. स्व. मामांना सा. न. वि. वि.

उजवा हात.

आज दुपारी ओंकार गाडीमागे पाइप जोडत होता आणि मी पुढच्या बाकावर चादरी घालत होते. आईला वाटलं गाडी रिकामी आहे. ती आली, ओट्यापाशी उभी राहिली आणि उजव्या हातानं दार वर सरकवू लागली. वीतभर गेलं आणि अडलं. तिनं पुन्हा खाली घेतलं, पुन्हा सरकवलं. मग हात बदलायचा सोडून ती त्याच हाताकडे बघत राहिली. एकेक बोट दाबून पाहिलं. मामा, दार अडलंय हे तिच्या मनातच येत नाही. तिला वाटतंय हात गेला. आम्ही जवान माणसं हिसका देऊन उघडतो, ते ती रोज बघते. आम्हाला उघडतं, तिला नाही, एवढंच तिला दिसतं.

मी धावत जाऊन तिला सांगितलं की दारच जड आहे, सगळ्यांनाच जड जातं. तर म्हणाली, तुमाला उघडतंय, मला न्हाई, उगा माजं मन राखाया खोटं बोलू नगंस. पाहुण्यांसमोर फजिती व्हायच्या आधी गेलेलं बरं, असंही म्हणाली. पडद्याचं बोलणं तिनं ऐकलं होतं. तिला वाटलं तो पडदा तिच्या लुळ्या हातासाठी.

माझ्या त्या दिवशीच्या बोलण्याची मला इतकी लाज वाटली की काय सांगू. आता तोंडी समजावून उपयोग नाही, दार नीट व्हायला हवं. काय करू ते लवकर लिहा.

आपली,
सारिका

—

तळेगाव दाभाडे
१६ ऑक्टोबर २०२५

चि. सारिकास आशीर्वाद.

रडत बसू नको, मीही रडणं आटोपतं घेतलंय.

लाकूड फुगल्याचं मी म्हटलं ते चुकलं. फुगलेलं लाकूड सगळीकडे सारखं जड जातं, एका जागी अडत नाही. वीतभरावर अडतं म्हणजे दाराची वरची पट्टी वळून मागच्या खाचेत शिरते तिथंच काहीतरी आहे. वरच्या फळीचे स्क्रू काढ आणि आत बघ. पट्टी निघाली असेल तर दोष माझा, तसं बेधडक लिही.

एक मात्र ऐक. हे काम आक्काच्या मागे करू नका. तिला समोर बसव, बॅटरी तिच्याच हातात दे. आत जे काही निघेल ते तिनं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं पाहिजे. नाहीतर दुरुस्त झालेल्या दारालाही ती तुमची युक्ती समजेल.

वाट बघतोय. दार मी केलंय, झोप मला लागत नाही.

तुझा मामा

—

पवनानगर
१९ ऑक्टोबर २०२५

चि. भिमाजीस आक्काचे अनेक आशीर्वाद.

ओंकार सामान आणायला तळेगावला येतोय, त्याच्या हाती हे पत्र देते. तुझ्या बायकोचा डोळा बरा आहे ऐकून बरं वाटलं. आता तिला तू कसा दिसतोस ते तिला निवांत विचार.

काल सारिकानं मला गाडीत बसवलं आणि बॅटरी हातात दिली. मी म्हटलं, माझ्या हाताचं दुखणं फळीखाली काय शोधता? पण ती पोर हट्टाला पेटली होती. ओंकारनं फळी काढली. मी उजेड धरला. भिमा, तुझ्या मागच्या खाचेत काय निघालं असेल? माझ्या अक्षता! कुंकवानं लाल झालेल्या, दोन्ही बाजूंनी ठासून बसलेल्या. तांदूळ आपला इंद्रायणी, चिकटायला कुणाला ऐकतोय. त्यात जावयानं वरून कढत पाणी ओतलं, म्हणजे त्यानं खाचेत भातच लावला म्हण ना. मी त्याला तसं म्हटलं, तर बिचारा लाजून बाहेर जाऊन उभा राहिला.

सारिका दाभण घेऊन कोरायला लागली. मी ते तिच्या हातातून काढून घेतलं. माझ्या अक्षता, मीच काढणार. उजव्या हातानं काढल्या, एक एक. वेळ लागला, पण निघाल्या सगळ्या. मग खाच पुसली, मेणबत्ती घासली, फळी लावली.

दाराला मी दोनच बोटं लावली. ते वर गेलं आणि मागे टक करून थांबलं. मला खरं वाटेना. खाली घेतलं, पुन्हा वर. किती वेळा केलं ते मोजलं नाही. सारिका म्हणाली, आई, बास कर, दार झिजंल. म्हणता म्हणता रडायला लागली आणि मग मीही रडले. इतके दिवस मी त्या हाताला मनातल्या मनात नाही नाही ते बोलत होते. तो बापडा आपलं काम करत होता.

बायाकडे काथवट मागायला कसं जावं याचा मला घोर होता. तर संध्याकाळी तीच घेऊन आली. म्हणाली, मावशी, म्या वापरलीच न्हाई, तुमी मागाया येनार ठावं व्हतं. तिलाही स्वयंपाकाला बोलावलंय, पण हाताखाली. तेजलताईंची भाकरी मीच थापणार.

भाऊबीजेला तुला येता येत नाही हे सारिकानं हळूच सांगितलं. हळूच कशाला? तू येऊ नको. गुरुवारी मीच येते, घरगाडी घेऊन. तुमच्या सोसायटीच्या वॉचमनला सांगून ठेव, दारात मोठी गाडी लागणार आहे आणि पिठल्याचा वास येणार आहे. तुम्हा दोघांना गाडीतच जेवायला वाढीन. ओवाळायच्या तबकात अक्षताही असतील, पण त्या यंदा फक्त तुझ्या डोक्यावर.

हा कागद सारिकाला लिहू दिला नाही. कोंबडीचे पाय लागत नसतील तर ठेवून दे. गुरुवारी तुझ्या कानाशी बसून सगळं मोठ्यांदा वाचून दाखवीन.

तुझी,
कस्तुराआक्का