मठारलेल्या धातूची कातडी

आप्पा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी दुपारी डोळा लागला की कराडच्या दुकानातली तुमची हातोडी ऐकू येते. तांब्याचा हंडा मठारताना त्याच्यावर गोल गोल फिरत जाणारे, घाई नसलेले, धातू घट्ट करणारे ठोके. मी अर्धवट झोपेत त्यांच्यावर तरंगत राहते, आणि जाग आली की संतापते. आता निवृत्त आहे, कुणाची भीड नाही, म्हणून लिहिते : आमचे साहेब मूर्ख होते.

नव्वदनंतरची ती वर्षं. सांगलीच्या प्रयोगशाळेत माझ्यापुढे टायटॅनियमच्या चकत्या असायच्या. हा धातू हलका, गंजत नाही, हाडाच्या सांध्यात बसवायला उत्तम. पण दुसऱ्या धातूवर घासला की चिकटतो आणि ओरबाडला जातो. म्हणून आम्ही चकत्यांवर बारीक पोलादी गोळ्यांचा मारा करायचो. त्यानं वरच्या थरातले कण बारीक होतात, थर कडक होतो आणि झीज कमी व्हायला हवी. ती होत नव्हती. मारा केलेली चकती न केलेल्या चकतीइतकीच झिजायची. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, हे साहेबांना ठाऊक होतं; ते सगळ्यांसमोर म्हणाले, "बाई, कॉन्व्हेंटमध्ये टापटीप शिकवतात, धातू नाही. महिनाअखेर हे काम बंद."

त्या रविवारी मी दोन चकत्या रुमालात बांधून घरी येते. तुम्ही हंडा बाजूला सारता, मारा केलेल्या चकतीवरून अंगठा फिरवता. दारातून आलेलं ऊन तिच्यात पाण्यासारखं हलतं.

"ही ठोकल्याली म्हंतीस? मग ठोकं कुठं हायेत?"

"खडबडीत होती. चाचणीआधी घासून आरशासारखी केली."

"आगं, मठारल्यालं भांडं कुणी कानशीनं घासतं व्हय? ठोकून आल्यालं बळ वरच्या कातडीत आसतंय. तू कातडीच सोललीस, आन म्हंतीस भांडं कच्चं!"

"हे तांबं नाही, आप्पा. परदेशातून आलेला धातू आहे."

"आसंल की. त्याला काय कातडी न्हाई?"

आतून आई म्हणाली, "आवं, पोरीला आदी जेवू द्या. मग सोला तिला."

मी जेवले नाही. तणतणत सांगलीची एसटी पकडली. पण सोमवारी नव्या चकत्यांवर मारा केला आणि पॉलिश पेपर कपाटात बंद केला. ठोके तसेच ठेवून चकती नुसती धुतली. झीज मोजायच्या यंत्रावर पिन चकतीला घासत फिरत राहिली. रोजची खरखर नव्हती, दुपारच्या भुंग्यासारखा एक सूर होता, आणि मी त्या सुरात कुठेतरी दूर गेले होते. यंत्र थांबलं तेव्हा चकतीवर जेमतेम एक रेघ होती.

काम वाचलं. साहेबांनी विचारलं, "हे सुचलं कसं?" मी म्हणाले, "विचार करता करता सुचलं."

पुढे या कामावरचा शोधनिबंध छापून आला, त्यात साहेबांचं नाव पहिलं. त्यांनी माझं श्रेय लाटलं, हे मी येणाऱ्या-जाणाऱ्याला वर्षानुवर्षं ऐकवलं. तुमचं नाव एकदाही घेतलं नाही. बंडी घातलेला, 'व्हय' म्हणणारा माणूस मला तिथं दाखवायचा नव्हता.

हा कागद पाकिटात जाणार नाही. ती चकती टिकली, त्याच्या पुढच्या रविवारी तुम्ही विचारलंत, "जमलं का गं?" मी म्हटलं, "जमलं. तुम्ही म्हणालात ती नव्हे, दुसरीच चूक होती."