निसर्गाविषयी आपले मत

२ फेब्रुवारी
भाची नेहाचा परदेशातून फोन. वेगवेगळ्या देशांतल्या लोकांना निसर्गाबद्दल काय वाटतं, हे एकाच प्रश्नावलीने मोजायचं आहे. आमच्या डोळखांबच्या पाड्याचं काम माझ्याकडे. मराठी भाषांतरही माझंच. नन्सच्या हाताखाली शिकलेलं इंग्रजी आहे, मोबाइलवरचं नव्हे. शोधनिबंधावर माझं नाव येईल. यावंच. रिटायर होऊन इथे ‘निसर्ग’ बंगला बांधला, झाडं जगावीत म्हणून तारेचं कुंपण घातलं. पाड्याला झऱ्यावर जायला वळसा पडतो. पडू दे. चालणं तब्येतीला चांगलं.
नेहाचा नियम: प्रश्न समजावून सांगायचा नाही. संकल्प: तोंड बंद ठेवणे.

५ फेब्रुवारी
पाड्यावरच्या गोजाबाईला विचारलं, निसर्गाशिवाय माणूस जगू शकेल का? म्हणाली, मजेत जगंल. आधी जगतच होतो. निसर्गाचा त्रास होतो का? लय. तिथल्याच बारकूला विचारलं, निसर्गाला माणसाची गरज आहे का? म्हणाला, हाय ना, नायतर भांडी कोन घासील? रूपक सुरेख. वृत्ती भयंकर. दोघांना शून्य.

८ फेब्रुवारी, दुपार
नेहा चकित. मावशी, सगळ्या देशांत सर्वांत कमी गुण तुझ्या पाड्याचे! मला आश्चर्य नाही. या लोकांना झाडांची कदर का नाही, यावर लगेच लेख लिहिला.

९ फेब्रुवारी
लेख गिरजाला वाचून दाखवला. ती माझ्याकडे भांडी घासते. हसत हसत खालीच बसली. म्हणाली, बाई, निसर्ग म्हंजे तुमचा बंगला. आमी रानाला रान बोलतो.
लेख फाडला. नेहाला कळवणार नाही. विज्ञानात थोडी चूक धरलेलीच असते.

१२ फेब्रुवारी
कळवलं. कॉन्व्हेंटचे संस्कार, दुसरं काय. ‘रान’ शब्द घालून पुन्हा विचारायला गेले. गोजाबाई म्हणाली, रानाशिवाय कसं जगनार? येड्यासारखं काय इचारता, बाई? पूर्ण गुण. निबंधावरचं माझं नाव वाचलं.

१६ फेब्रुवारी
नाही वाचलं. प्रश्नातला शब्द बदलला म्हणून डोळखांब निबंधातून वगळलं, मलाही. पहिली उत्तरं मात्र नेहा भाषणात सांगणार. म्हणते, जगभर लोक विचारणाऱ्याला बरं वाटेल असंच बोलतात, तुझ्या पाड्याने तोंडावर खरं सांगितलं. कृतघ्न मुलगी.
कुंपण काढणार नाही. फाटकावरची ‘निसर्ग’ ही पाटी काढली. संध्याकाळी गिरजाला विचारलं, आता लोक बंगल्याला काय म्हणतात?
म्हणाली, निसर्गच. पाटी कोन वाचत होता?