थर्लवेलांचं नाव

वॉल्टर,

तू सांगितलंस म्हणून आपल्या आडनावाचा माग काढत डरहॅमच्या खाणींकडच्या चर्चमध्ये जाऊन आले. जुनी दफनवही बघून तिथल्या डॉड्सबाई हसल्याच. "अहो, तुमचे खापरपणजोबा लग्नाच्या दोन वर्षं आधीच पुरलेत की!"

जोसेफ थर्लवेल खाणीत दबून मेला होता. लग्न झालं ते त्याच्या खाणीतल्या जोडीदाराचं, नेथन पाइलचं. संप केला म्हणून नेथनला कुठलीच खाण कामावर घेईना. तेव्हा जोसेफच्या आईने त्याला आपल्या मेलेल्या मुलाचं नाव दिलं. पाद्र्याने समासात तसं लिहिलंय. म्हातारीला लिहिता येत नव्हतं, तिने खाली फुली केलीय.

आपण त्या नेथनचे.

माझ्या कॉलिनला पुरलं त्या दिवशी तू म्हणालास, "ताई, दत्तक पोराच्या दगडावर थर्लवेल नको." मी तुझं ऐकलं. दगडावर नुसतं कॉलिन आहे.

मला रडू आलं नाही. चर्चमधून परतताना बसमध्ये डब्यातलं सँडविच खाल्लं.

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. विचारलंस तर सांगेन, नाव जुनं आहे.

काल पाथरवटाला कॉलिनपुढे थर्लवेल कोरायला सांगितलं. तो म्हणाला, "घरच्यांची सही लागेल, बाई."

मी फुली केली.

तुझी ताई,
एनिड