दसऱ्याला कुंकू लावलेले बल्ब

भगवंत,

गाडीचे पुढचे दोन्ही दिवे पेटत नाहीत. हॉर्न वाजतोय, म्हणजे बॅटरी ठीक आहे. फ्यूजही बदलून पाहिला. तू आलास की वायरी तपास, बारीक कामाला तुझाच हात बरा. अंधारात निघता आलं नाही. आता सायकलने नवापूरला जाऊन मासळीवाल्या मैनाबाईची माफी मागतो. पहाटे बाजारात पोचवायचा तिचा माल पडून राहिला असेल.

खालचं परत आल्यावर लिहितोय. वरचं खोडत नाही.

माल पडून नव्हता. मैनाबाई हसून म्हणाली, "तुमचा भगवंत पहाटंच घेऊन गेला की! सोताची गाडी हाय ना त्याची आता. भाऊ येगले झाले, नि आमाला सांगितलं बी नाय!"

घरी येऊन दिव्यांच्या काचा काढल्या. आत काळे पडलेले, जळके बल्ब. ते आपले नव्हेत. आपल्या बल्बांच्या पितळेवर आईने दसऱ्याला कुंकू लावलं होतं. ते आता तुझ्या गाडीला उजेड देत असतील.

वायरी तपासायची गरज नाही.

आईने विचारलं, तेव्हा बल्ब उडाले म्हणालो. तूही तेच सांग. भात झाकून ठेवलाय.

मारुती